शिंगराची शाळा

[घोडा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. पण तो जन्मतःच माणसाचे ऐकत नाही; त्याला शिकवावे लागते. आपल्या भागातील धनगरांच्या घोड्यांचे उदाहरण घेऊन, लहान आणि हट्टी घोड्याला कसे शिकवतात, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, पावसाळा सरला, पिके निघाली, की सांगली जिल्ह्यातील कुंडलसारख्या गावांच्या शिवारात मेंढरांचे कळप दिसू लागतात. माण, खटाव, आटपाडी या कमी पावसाच्या भागांतून धनगर मंडळी आपली मेंढरे घेऊन कृष्णाकाठच्या हिरव्या मुलखाकडे येतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरे बसवायला सांगतो. जमिनीला लेंड्यांचे उत्तम खत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. काही दिवसांनी त्यांचा वाडा, म्हणजे सगळा तळ, उठतो आणि पुढच्या गावाकडे चालू लागतो.

अशा वेळी रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबा आणि नीट पाहा. पुढे मेंढरे असतात, बाजूला राखणीची कुत्री असतात आणि मागे चार-दोन लहानखुरे घोडे असतात. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार लादलेला असतो. मेंढरांभोवती लावायची वाघर, भांडी, घोंगड्या, पिठाची गोणी. त्यावर कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे. आणि कधी कधी या सर्वांच्या वर एक दोन-तीन वर्षांचे मूल बसलेले असते.

समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर येतो. मागून ट्रकचा कर्णा वाजतो. घोडा कान हलवतो, पण उधळत नाही. तो उधळला तर त्या मुलाचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. तरीही आई निर्धास्तपणे पुढे चालत असते. आपल्या पोटच्या मुलाचा जीव तिने त्या घोड्याच्या भरवशावर सोडलेला असतो.

हा भरवसा आला कोठून? तो विकत मिळत नाही आणि चाबकाने तर मुळीच मिळत नाही. तो कसा तयार होतो, हेच आज आपल्याला पाहायचे आहे.

घोडा तुमच्या ओळखीचा आहे

धनगरांच्या या घोड्यांना भीमथडी घोडे म्हणतात. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. भीमा नदीच्या काठचे म्हणून भीमथडी. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत ते विशेष आढळतात. हे घोडे उंचीने बेताचे असले तरी काटक असतात. थोड्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेवर, ऊन-पावसात ते दिवसभर चालतात. मराठ्यांच्या घोडदळात दख्खनच्या अशाच काटक घोड्यांना मान होता. पुढे लढाया संपल्या आणि घोड्यांचे महत्त्व कमी झाले. पण धनगरांनी ही जात सांभाळली. २०२३-२४ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

घोड्याविषयीचे मराठी शब्द तर तुम्हांला शिकवण्याची गरजच नाही. लगाम, जीन, नाल, तंग, चाबूक, तोबरा हे शब्द तुम्ही उर्दूत वाचलेलेच आहेत. उर्दूतील ‘रिकाब’ मराठीत ‘रिकीब’ झाली. ‘पायगाह’ची ‘पागा’ झाली. ‘सिलाहदार’चा ‘शिलेदार’ झाला. शिवाजी महाराजांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमल्याचे लिहिले आहे. म्हणजे घोड्याच्या पायाला नाल आणि तोंडाला पाणी वेळेवर मिळते की नाही, याची काळजी तेव्हा राज्य घेत होते.

घोड्याला शिकवणाऱ्या माणसालाही आपल्याकडे एक छान शब्द आहे : ‘चाबूकस्वार’. शब्दात चाबूक आहे खरा. पण ज्याला चाबूक कमीत कमी वापरावा लागतो, तोच चाबूकस्वार चांगला!

हट्ट की भीती?

एखादा मुलगा कोणाचेच ऐकत नसला, की आपण त्याला ‘अडेलतट्टू’ म्हणतो. तट्टू म्हणजे लहान घोडा. जो वाटेत अडून बसतो, पुढे पाऊल टाकत नाही, तो अडेलतट्टू. पण तट्टू अडते तरी का?

त्यासाठी घोड्याच्या डोळ्यांनी जगाकडे पाहा. घोडा गवत खाणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. हजारो वर्षे वाघ-लांडग्यांपासून त्याचा जीव वाचवला तो त्याच्या पायांनी. म्हणून काही नवे दिसले, की ‘आधी पळा, मग विचार करा’ हा त्याचा नियम आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चारी बाजूंचे दिसते. मात्र अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. मागून कोणी गुपचूप आले, तर तो लाथ मारतो. ती खोडी नसते. त्याला वाटते, लांडगाच आला!

तुम्ही सिकंदराचे नाव ऐकले आहे. तो लहान असताना त्याच्या वडिलांकडे, राजा फिलिपकडे, एक देखणा घोडा विकायला आला. त्याचे नाव ब्युसेफेलस. तो कोणालाच पाठीवर बसू देईना. राजाने तो परत न्यायला सांगितले. पण सिकंदराच्या ध्यानात एक गोष्ट आली. घोडा स्वतःच्या सावलीला भीत होता. सावली हलली, की तोही उसळत होता. सिकंदराने हलकेच लगाम धरला, घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, त्याला थोपटले आणि मग तो अलगद वर बसला. सावली मागे पडली होती. घोडा शांत झाला होता. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. हाच घोडा पुढे सिकंदराला घेऊन आपल्या देशाच्या सीमेपर्यंत आला. तो मेला, तेव्हा सिकंदराने झेलम नदीकाठी त्याच्या नावाने एक शहर वसवले.

सगळे म्हणत होते, “घोडा वाईट आहे.” सिकंदराने विचारले, “घोडा कशाला भितो आहे?” फरक फक्त प्रश्नाचा होता.

आता तुम्ही वस्ताद!

समजा, एक शिंगरू तुमच्या ताब्यात दिले आहे. तुम्ही त्याला कसे शिकवाल?

घाई करू नका. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहते. सुमारे सहा महिने ते आईच्या दुधावर आणि मग चाऱ्यावर वाढते. या काळात त्याला एवढेच शिकवायचे, की माणूस वाईट नाही. त्याच्याजवळ जाताना समोरून किंवा मागून जाऊ नका. खांद्याच्या बाजूने जा. हळू आवाजात बोलत जा, म्हणजे कोण येते आहे ते त्याला कळेल. पहिल्यांदा खांद्याला हात लावा, मग मानेला, मग पाठीला. ते दूर सरकले तर धरून ठेवू नका. थांबा. त्याला कुतूहल वाटेल आणि ते स्वतःच तुमचा हात हुंगायला येईल. तो हुंगण्याचा क्षण म्हणजे तुमच्या शाळेतला पहिला दिवस!

नंतर रोज अंगाला खरारा करा. पाय उचलून खूर हातात धरा आणि लगेच सोडा. उद्या नालबंद येईल, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल.

पुढचा धडा म्होरकीचा. तोंडाला दोरीची म्होरकी घातली, की पोर बिथरते. तुम्ही दोरी हलकेच पुढे ओढा आणि तशीच धरून ठेवा. हिसका देऊ नका. शिंगरू मान मागे घेईल, पाय रोवून उभे राहील. तुम्ही शांत राहा. केव्हातरी ते एक पाऊल पुढे टाकेल. त्याच क्षणी दोरी सैल सोडा! हा सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे. घोडा ओढल्याने शिकत नाही. ओढ संपल्याने शिकतो. ‘पाऊल टाकले, की ताण जातो,’ हे त्याला कळते. तुम्ही दोरी उशिरा सोडली, तर कोणत्या गोष्टीचे हे बक्षीस, ते त्याला कळणार नाही. लगाम, टाच, रिकीब या सगळ्यांची भाषा पुढे याच नियमाने चालते.

मग ओझ्याचा धडा. आधी पाठीवर रिकामे पोते ठेवा. त्याला ते हुंगू द्या. एका बाजूने दाखवलेत, तर दुसऱ्या बाजूनेही दाखवा. कारण डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजव्या डोळ्याला पुष्कळदा नवीनच वाटते. पोत्याची सवय झाली, की त्यात थोडा भुसा भरा. मग तंग सैलसर बांधा. काही दिवसांनी भांडी बांधा. ती वाजतील, त्याचीही सवय होऊ द्या. मात्र खरे ओझे किंवा स्वार पाठीवर घेण्याची घाई नको. घोड्याची हाडे पूर्ण पक्की व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. दोन-अडीच वर्षांच्या पोरावर जड ओझे लादले, तर त्याची पाठ आणि पाय कायमचे अधू होतात.

कुंडलचे कुस्तीचे मैदान साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे लढणाऱ्या पैलवानाला त्याच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी मैदानात उतरवलेले नसते. आधी माती, मग जोर-बैठका, मग डाव आणि शेवटी मैदान. ‘वस्ताद’ म्हणजे तुमचा ‘उस्ताद’च. घोड्याचा वस्तादही असाच पायरीपायरीने जातो. रोजचा धडा पंधरा-वीस मिनिटांचा पुरे. आणि धडा संपवायचा तो शिंगराला जमलेल्या गोष्टीवर, फसलेल्या गोष्टीवर नाही.

शिंगरू अडले तर?

इतके करूनही एक दिवस तुमचे शिंगरू ओढ्यावरच्या मोरीपाशी थांबेल आणि हलणार नाही. लोक जमतील. कोणी म्हणेल, “दोन ठेवून द्या!” तुम्हांलाही राग येईल. अशा वेळी चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : याला कुठे दुखते आहे का? खूर पाहा, खडा रुतला असेल. तंगाखाली पाहा, कातडी सोलली असेल. तोंड पाहा, लगामाची कडी एखाद्या दाताला टोचत असेल. दुखणाऱ्या घोड्याला मारणे म्हणजे आजारी मुलाला शाळेत न आल्याबद्दल छड्या मारण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न : हे कशाला भिते आहे का? त्याचे कान पाहा. कान ताठ, डोळे विस्फारलेले, नाकपुड्या फुगलेल्या असतील, तर ती भीती आहे. मोरीखाली पाणी चमकत असेल, काठावर प्लॅस्टिकची पिशवी फडफडत असेल. त्याला पाहू द्या. तुम्ही आधी मोरीवर जाऊन उभे राहा. जाणता, शांत घोडा जवळ असेल, तर त्याला पुढे चालवा. धनगरांच्या वाड्यात तरणी घोडी जाणत्या घोड्यांमागून चालतच पुष्कळ शिकतात.

तिसरा प्रश्न : मी काय सांगतो आहे, ते याला समजले आहे का? टाच मारून ‘चल’ म्हणायचे आणि त्याच वेळी लगाम ओढून धरायचा, असे आपण नकळत करतो. मग घोड्याने काय करावे?

चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे : ही सवय मीच तर लावली नाही ना? काल याच मोरीपाशी ते अडले, तुम्ही कंटाळलात आणि त्याला घरी नेले. त्यातून ते काय शिकले? ‘अडले, की घरी जाता येते!’ म्हणजे हट्टाचा धडा तुम्हीच दिला. आता चाबूक काढू नका. पण मागेही वळू नका. दोरी हलकी धरून उभे राहा. एक पाऊल पुढे आले, की दोरी सैल सोडा आणि थोपटा. मग दुसरे पाऊल. अर्धा तास लागेल. लागू द्या. पण सूर्य मावळण्यापूर्वी मोरी ओलांडायची, हे नक्की. धीर धरणे आणि माघार घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मारले तर? घोडा त्या दिवशी मोरी ओलांडेलही. पण तो शिकेल काय? ‘मोरी म्हणजे मार.’ पुढच्या खेपेला मोरी दूर असतानाच तो उधळेल. त्या दिवशी पाठीवर पिठाची गोणी असेल, की मूल असेल, हे तो पाहणार नाही.

घोडा तुम्हांला वाचतो

तुम्ही म्हणाल, “राग मनात ठेवला आणि चेहऱ्यावर दाखवला नाही, तर?” तेही चालत नाही. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा फार गाजला. त्याला बेरीज विचारली, की तो खूर आपटून बरोबर उत्तर देई. लोक थक्क झाले. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने त्याची कसून परीक्षा घेतली आणि १९०७ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. हान्सला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला, की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके किंचित हलत असे. ते त्याला स्वतःलाही कळत नसे. पण घोड्याला दिसत असे आणि तो थांबत असे.

ज्या प्राण्याला डोक्याची एवढी बारीक हालचाल कळते, त्याला तुमची आवळलेली मूठ आणि अडलेला श्वास कळणार नाही का? म्हणून जुने जाणकार सांगत आले आहेत, की रागावलेल्या माणसाने घोड्याजवळ जाऊच नये. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोड्यांवरील आपल्या ग्रंथात हेच लिहिले. आपल्या देशात शालिहोत्र या नावाने घोड्यांचे शास्त्र प्रसिद्ध होते. जनावरांच्या वैद्याला उर्दूत ‘सलोतरी’ म्हणतात, तो शब्द त्यावरूनच आला. उर्दू कवी सआदत यार खान ‘रंगीन’ यांनीही घोड्यांवर ‘फरसनामा’ लिहिला. म्हणजे घोडा समजून घेण्याची ही विद्या कोणा एका भाषेची किंवा एका देशाची नाही.

भरवशाचे फळ

या शिक्षणाचे फळ पाहायचे असेल, तर आषाढी वारी पाहा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दोन घोडे चालतात. ते बेळगाव जिल्ह्यातील अंकली या गावच्या शितोळे सरकारांचे असतात. अंकलीहून निघून ते मिरजेवरून, सांगली-सातारा जिल्ह्यांतून चालत आळंदीला जातात. पुढे पंढरपूरच्या वाटेवर रिंगण होते. सातारा जिल्ह्यातील चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण असते. हजारो लोक दुतर्फा उभे असतात. टाळ-मृदंगांचा गजर चालू असतो. त्या गर्दीतून दोन घोडे भरधाव धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते. त्याला आवरायला लगाम धरणारा हातही नसतो. तरी तो गर्दीत न घुसता आपल्या वाटेने धावतो. इतक्या आवाजात, इतक्या माणसांत तो भीत नाही. कारण माणसांपासून आपल्याला धोका नाही, हे त्याला कोणीतरी रोज थोडे थोडे, न कंटाळता शिकवलेले असते.

मुलांनो, पुन्हा कधी रस्त्याने धनगरांचा वाडा जाताना दिसला, तर सायकलची घंटा वाजवू नका. थोडे बाजूला उभे राहा. घोड्याच्या पाठीवर बसलेले मूल तुमच्याकडे पाहून हसेल. त्याच्या त्या हसण्यामागे कोणाची तरी दोन-तीन वर्षांची मेहनत आहे, हे आठवा. आणि वर्गात एखादा मित्र अडेलतट्टूसारखा वागला, तर त्याला नावे ठेवण्यापूर्वी स्वतःला विचारा, “याला कुठे दुखते आहे? हा कशाला भितो आहे?”

शब्दार्थ

शिंगरू – घोड्याचे पिल्लू
वाडा – (येथे) धनगरांचा फिरता तळ
वाघर – मेंढरांभोवती लावायचे जाळे
म्होरकी – जनावराच्या तोंडाला बांधायची दोरी
तंग – जीन किंवा ओझे पक्के करण्यासाठी घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा
खरारा – घोड्याचे अंग घासण्याचे साधन
पखालजी – कातडी पिशवीतून पाणी आणणारा
मोरी – (येथे) ओढ्यावरचा लहान पूल
निर्धास्त – बेफिकीर, न भिता
दुतर्फा – दोन्ही बाजूंना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘भीमथडी’ हे नाव कशावरून पडले?
(आ) शिलेदार आणि बारगीर यांत काय फरक होता?
(इ) ब्युसेफेलस कशाला भीत होता?
(ई) हान्स घोडा बरोबर उत्तर कसे देत असे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने का जावे?
(आ) ‘घोडा ओढल्याने शिकत नाही, ओढ संपल्याने शिकतो,’ म्हणजे काय?
(इ) अडलेल्या घोड्याविषयी कोणते चार प्रश्न विचारावेत?
(ई) धीर धरणे आणि माघार घेणे यांत काय फरक आहे, ते पाठातील उदाहरणाने सांगा.

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
भरवशावर सोडणे, थक्क होणे, नावे ठेवणे, ध्यानात येणे.

प्र. ४. पुढील उर्दू शब्दांची मराठी रूपे पाठातून शोधून लिहा.
रिकाब, पायगाह, सिलाहदार, उस्ताद.

उपक्रम : तुमच्या घरी किंवा शेजारी बैल, घोडा, शेळी यांपैकी एखादे जनावर असेल, तर त्याला शिकवणाऱ्या माणसाला भेटा. ‘ते अडले, तर तुम्ही काय करता?’ असे विचारा. त्याचे उत्तर आठ-दहा ओळींत लिहा.